चार्टमधल्या रंगवलेल्या पट्ट्याखाली सूत्रही छापावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या सोमवारच्या अर्थविषयक पानावर दर आठवड्याला एखाद्या शेअरचा चार्ट येतो आणि मी तो आवर्जून पाहतो. त्या चार्टमध्ये भावाच्या कॅन्डलबरोबर (ठराविक काळातला सुरुवातीचा, बंद, उच्च आणि नीच भाव दाखवणारी एकेक खूण) दोन चल सरासऱ्यांच्या, म्हणजे शेवटच्या ठराविक दिवसांच्या भावांच्या पुढे सरकत जाणाऱ्या सरासऱ्यांच्या, रेषा असतात, आणि गेल्या काही महिन्यांपासून त्या दोन रेषांमधला भाग रंगवून छापला जातो. जवळच्या काळाची सरासरी वर असेल तेव्हा हिरवा, ती खाली गेली की लाल. चार्ट उठून दिसतो, यात शंका नाही. परंतु त्या सरासऱ्या किती दिवसांच्या, साध्या की एक्स्पोनेन्शियल (ताज्या भावाला जास्त वजन देणाऱ्या), बंद भावावर काढलेल्या की आणखी कशावर, आणि रंग नेमका कोणत्या अटीवर पालटतो, यांपैकी एकही गोष्ट चार्टखाली लिहिलेली नसते. दोन रेषांमधली जागा भरणे हे एक विधान असते आणि जो ते करतो त्याने त्यामागचे सूत्र सांगितले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. ते मी का मांडतो आहे, हे थोडे विस्ताराने लिहितो.

मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ३१ वर्षे ड्राफ्ट्समन होतो. दोन रेषांमधली जागा भरणे हे आमचे रोजचे काम. यंत्राचा एखादा भाग मधोमध कापला तर आतून कसा दिसेल हे दाखवताना, जिथे धातू कापला गेला तेवढ्याच जागेत ४५ अंशांच्या बारीक समांतर रेघा मारायच्या, याला आम्ही हॅचिंग म्हणतो. हॅचिंग आहे तिथे भरीव माल, नाही तिथे पोकळी, असा त्याचा सरळ अर्थ. दोन वेगळे भाग एकमेकांना लागून असतील तर एकाच्या रेघा उजवीकडे झुकवायच्या आणि दुसऱ्याच्या डावीकडे, म्हणजे कुठला भाग कुठे संपतो ते रंगाशिवायही कळते. या पद्धतीत एक अपवाद मात्र मुद्दाम घातलेला आहे. कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, ताकद देणारी पातळ रिब (आधाराची पट्टी) लांबीच्या दिशेने कापली गेली तरी तिच्यावर हॅचिंग करायचे नाही, कारण तसे केल्यास तो सगळा भाग जाड आणि भरीव असल्याचा खोटा भास होतो.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून एका ब्रॅकेटच्या रिबवर हॅचिंग झाले आणि तपासणीतही ते कुणाच्या लक्षात आले नाही. ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करणाऱ्या पॅटर्नमेकरने रेघा पाहिल्या आणि सागवानी पॅटर्न तेवढ्या भागात भरीव करून दिला. पहिले कास्टिंग काट्यावर ठेवले तेव्हा ते ठरल्यापेक्षा खूपच जड भरले आणि मग ड्रॉइंग पुन्हा टेबलावर आले. साहेबांनी प्रत्येक माप स्वतः ताडून पाहिले, सगळी मापे बरोबर निघाली. भरलेली जागा तेवढी चुकली होती. तो पॅटर्न मोडून नवा करावा लागला, आणि तेव्हापासून कुठल्याही चित्रात भरलेली जागा दिसली की ती कशाने भरली आहे आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम आता फार सोपे झाले आहे. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या संकेतस्थळाच्या पाइन स्क्रिप्ट या भाषेत दोन रेषा काढून प्रत्येकीला एक नाव द्यायचे आणि 'फिल' या आज्ञेला ती दोन नावे व रंग पुरवायचा, की मधला भाग रंगतो. रंगाच्या जागी अट लिहिली तर पहिली रेषा वर असताना एक रंग आणि खाली असताना दुसरा, असेही करता येते. मेटाट्रेडर ५ मध्ये याच कामासाठी एक वेगळी शैली दिलेली आहे. तिला आकड्यांच्या दोन रांगा आणि दोन रंग द्यायचे असतात, आणि पहिली रांग वर की दुसरी, हे पाहून ती आपणहून रंग निवडते. अ‍ॅमीब्रोकर वापरणारे आपल्या शहरात बरेच आहेत, त्यांच्याकडे 'स्टाइल क्लाउड' आहे. ज्यांच्याजवळ यातले काहीच नाही, त्यांना एक्सेलमध्येही हे साधते. दोन्ही सरासऱ्यांतली लहान ती तळाशी ठेवायची आणि तिला रंग द्यायचा नाही. तिच्यावर दोघींतला फरक रचायचा, धन फरक एका स्तंभात आणि ऋण फरकाची किंमत दुसऱ्या स्तंभात, आणि त्या दोन स्तंभांना दोन रंग द्यायचे. शाहूपुरीतल्या अडतीच्या पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या कुणालाही हे तासाभरात जमेल. एक बारकावा नवशिक्यांना अडवतो तो सांगून ठेवतो. पाइन स्क्रिप्टमध्ये चल रेषा आणि स्थिर आडवी रेषा यांच्यामधला भाग थेट रंगवता येत नाही, दोन्ही एकाच जातीच्या असाव्या लागतात. अशा वेळी स्थिर पातळीही 'प्लॉट' म्हणूनच, म्हणजे चल रेषेच्याच आज्ञेने, काढावी.

इतक्या सहजपणे जे होते, त्याचा अर्थ मात्र तितक्या सहजपणे लावता येत नाही. याचे उदाहरण आपल्या शहरात दर पावसाळ्यात डोळ्यांसमोर असते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे दोन आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पाणीपातळीच्या आलेखात या दोन आडव्या रेषांमधले ४ फूट रंगवून दाखवले तर तो रंग खरोखर काही सांगतो. पाणी त्या पट्ट्यात शिरले की नदीकाठच्या गावांत जनावरे हलवायची तयारी सुरू होते, दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवतात, आणि कुठला रस्ता आधी बंद होणार याची चर्चा चौकाचौकांत चालते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी हा पट्टा ओलांडून कितीतरी वर गेले, आणि किती वर गेले हे आपल्याला सांगता आले ते त्या दोन रेषा जागच्या हलल्या नाहीत म्हणून.

चल सरासऱ्यांचे तसे नाही. ९ दिवसांची सरासरी आणि २१ दिवसांची सरासरी, दोन्ही त्याच एका भावातून निघतात आणि त्याच्याच मागे धावतात. भाव चढू लागला की दोन्ही चढतात, जवळची आधी आणि लांबची नंतर, आणि मधली जागा रुंदावत जाते. भाव रेंगाळला की दोन्ही जवळ येतात. पाण्याबरोबर धोक्याची खूणही वर सरकत गेली असती तर नदीकाठच्या प्रयाग चिखलीच्या लोकांना तिचा काय उपयोग झाला असता? सरासऱ्यांमधला हिरवा पट्टा एवढेच सांगतो की गेल्या ९ दिवसांचा भाव गेल्या २१ दिवसांच्या मानाने वर आहे. ही माहिती खरी आहे आणि उपयोगाचीही आहे, पण ती मागची आहे. रंगामुळे तिच्यात एका पैशाचीही भर पडत नाही. दोन रेषा नुसत्या काढल्या असत्या तरी तीच माहिती मिळाली असती. रंगाने ती लांबून आणि पटकन दिसते, हा त्याचा खरा गुण आहे आणि तो मी नाकारत नाही.

स्थिर रेषांचे इंडिकेटर, म्हणजे भावावरून काढलेली मोजमापे, तीही आहेत. वेल्स वाइल्डर या अमेरिकी गृहस्थांनी १९७८ मध्ये आरएसआय, म्हणजे अलीकडच्या चढ-उतारांचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा इंडिकेटर, मांडला. ते मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे मला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटते. त्यांच्या ३० आणि ७० या रेषा हलत नाहीत आणि बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यामधला पट्टा फिकट रंगवलेला असतो. तो पट्टा वाचणे म्हणूनच सोपे जाते. तरीही ३० आणि ७० हे संकेताने ठरलेले आकडे आहेत, बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीसारखे पुराच्या अनुभवातून आलेले नाहीत, हे वाचकाला कुणीतरी सांगायला हवे.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझा पुतण्या गोकुळ शिरगाव या गावी नोकरी करतो आणि मागच्या वर्षी तो शहरातल्या शेअर ट्रेडिंगच्या एका क्लासला जाऊ लागला. तिथे त्याला एक तयार टेम्प्लेट मिळाले : १५ मिनिटांच्या कॅन्डल, ९ आणि २१ च्या एक्स्पोनेन्शियल सरासऱ्या आणि मध्ये हिरवा-लाल रंग. 'हिरवे झाले की घ्यायचे', एवढाच मंत्र होता. एका सकाळी ११ ते सव्वाअकराची कॅन्डल चालू असताना ११ वाजून ७ मिनिटांनी पट्टा हिरवा झाला, आणि त्याने मोबाइलवरून त्या शेअरचा कॉल ऑप्शन, म्हणजे भाव वाढला तर फायदा देणारा करार, घेतला. सव्वाअकराला कॅन्डल बंद झाली तेव्हा पट्टा लाल होता. तीन वाजेपर्यंत त्याची अर्ध्या पगाराएवढी रक्कम गेली. संध्याकाळी तो माझ्याकडे आला, आम्ही तोच चार्ट मोठ्या स्क्रीनवर उघडला, आणि सकाळच्या त्या हिरव्याचा त्यावर मागमूसही नव्हता. त्याने खरेदी केली होती ती जागा सलग लाल होती. क्लासमध्ये विचारले तर 'तू घाई केलीस' एवढेच उत्तर मिळाले. त्या पोराला आपण डोळ्यांनी पाहिलेलेच खोटे होते की काय, असे वाटू लागले होते, आणि पैशांपेक्षा मला त्याचे अधिक वाईट वाटले.

ते खोटे नव्हते. मी त्याला कागदावर मांडून दाखवले, तेच इथे लिहितो. एक्स्पोनेन्शियल सरासरीत ताज्या भावाचे वजन म्हणजे २ भागिले (कॅन्डलची संख्या अधिक १). म्हणून ९ च्या सरासरीत ते ०.२० असते आणि २१ च्या सरासरीत सुमारे ०.०९१. कॅन्डल बंद होईपर्यंत चालू भाव हाच तिचा बंद भाव धरला जातो, त्यामुळे भाव १ रुपयाने हलला की पहिली रेषा २० पैशांनी हलते, दुसरी ९ पैशांनी, आणि दोघींतला फरक जवळपास ११ पैशांनी बदलतो. समजा, भाव ४१० असताना वेगवान, म्हणजे ९ ची, रेषा ३३ पैशांनी खाली आहे, म्हणजे पट्टा लाल आहे. भाव ४१३.२५ वर उसळला की फरकात सुमारे ३५ पैशांची भर पडते आणि पट्टा हिरवा होतो. सात मिनिटांनी भाव ४१० वर परतला की फरक पुन्हा उणे ३३ पैसे आणि पट्टा पुन्हा लाल. मधल्या वेळेत काय दिसले होते, त्याची नोंद चार्टमध्ये कुठेच राहत नाही. दिवसाअखेर छापलेला किंवा क्लासच्या पडद्यावर दाखवलेला चार्ट म्हणूनच नेहमी स्वच्छ दिसतो. त्यात फक्त बंद झालेल्या कॅन्डलचे रंग असतात, आणि प्रत्यक्ष व्यवहार करणाऱ्याने पाहिलेले क्षणिक रंग गळून गेलेले असतात. कॅन्डल पक्की झाली आहे का, हे तपासण्याची सोय पाइन स्क्रिप्टमध्ये आहे. टेम्प्लेट तयार करणाऱ्याने एक अट वाढवली असती तर चालू कॅन्डलचा भाग राखाडी ठेवता आला असता. तेवढी एक अट त्या पोराच्या टेम्प्लेटमध्ये नव्हती.

रेषा एकमेकींना छेदतात त्या जागेविषयीही लिहायला हवे, कारण ड्राफ्ट्समनची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. सोमवारी वेगवान सरासरी ४१२ आणि संथ सरासरी ४१३ होती, मंगळवारी ती अनुक्रमे ४१६ आणि ४१४ झाली, असे समजू. फरक उणे १ वरून अधिक २ वर गेला, म्हणजे सरळ रेषांनी जोडले तर छेद त्या अंतराच्या एक तृतीयांशावर पडतो. त्याच्या डावीकडचा चिमुकला त्रिकोण लाल हवा आणि उजवीकडचा मोठा त्रिकोण हिरवा. रंग कॅन्डलगणिक ठरत असेल आणि छेदबिंदू काढायचे कष्ट प्रोग्रॅमने घेतले नसतील, तर दोन्ही त्रिकोण एकाच रंगात येतात किंवा मध्ये पांढरी फट राहते. मी सांगितलेल्या एक्सेलच्या रीतीतही छेदापाशी कंगोरा येतो. पायथॉन वापरणारे तरुण मॅटप्लॉटलिब नावाच्या साधनाने हेच काम करतात. त्यात छेदबिंदू शोधून तिथपर्यंतच रंग भरायचा पर्याय स्वतंत्रपणे सुरू करावा लागतो, तो आपोआप लागू होत नाही. चित्र म्हणून हे नीट असलेच पाहिजे. पण त्याहून महत्त्वाचे असे की सोमवार आणि मंगळवार यांच्या मधल्या त्या एक तृतीयांश जागेवर कोणताही दिवस नाही आणि कोणताही भाव नाही. ती रेषा आपण पट्टी ठेवून जोडली आहे. 'अमुक पातळीला क्रॉसओव्हर झाला' असे चार्टवरून बोट ठेवून सांगणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना सांगावेसे वाटते की सरासरीला जिथे आकडा आहे तिथेच ती आहे.

पट्ट्याच्या जाडीचाही असाच घोळ होतो. आमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात स्केल लिहिलेले असे, १:१ किंवा १:२, आणि शिवाय मापे आकड्यांत दिलेली असत, म्हणजे कुणी कागदावर पट्टी लावून माप घेऊ नये. चार्टचे सॉफ्टवेअर उभ्या अक्षाचे स्केल स्क्रीनवर मावेल तसे आपणहून बदलते. मोबाइलवर दोन बोटांनी चार्ट ताणला की तोच पट्टा बोटाएवढा जाड दिसतो, आणि वर्षभराचा काळ घेतला की धाग्याएवढा बारीक. ४०० रुपयांच्या शेअरमध्ये दोन सरासऱ्यांत ४ रुपयांचे अंतर असेल तर ते १ टक्का होते, आणि ४,००० रुपयांच्या शेअरमध्ये तेच ४ रुपये म्हणजे दशांश टक्का. पण आपल्या पानावर दोन्ही चार्ट तीन कॉलमच्या चौकटीत बसवल्यावर दोन्ही पट्टे सारखेच पुष्ट दिसू शकतात. 'तेजीचा पट्टा रुंदावला आहे' असे वाक्य मी आपल्या स्तंभात वाचले आहे. त्या रुंदीचा आकडा टक्क्यांत दिला असता तर वाक्याला वजन आले असते.

जिथे रंगवलेला भाग हाच इंडिकेटरचा गाभा आहे, असे एक जुने उदाहरण जपानचे आहे. गोइची होसोदा या पत्रकाराने दुसऱ्या महायुद्धापूर्वीच इचिमोकू पद्धतीवर काम सुरू केले, विद्यार्थ्यांकडून हाताने आकडेमोड करून घेतली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती लोकांसमोर ठेवली. तिच्यातला ढग दोन रेषांमधला असतो. एक रेषा ९ आणि २६ दिवसांच्या उच्चांक-नीचांकांच्या मध्यांची सरासरी, दुसरी ५२ दिवसांच्या उच्चांक-नीचांकाचा मध्य, आणि दोन्ही २६ दिवस पुढे सरकवून काढलेल्या. सूत्र ठरलेले आहे, सरकवणे जाहीर आहे, आणि ढगाची जाडी कशी वाचायची हेही सांगितलेले आहे. अशा ढगाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'ढग पुढचे दाखवतो' असे शिकवणाऱ्यांबद्दल. शेवटच्या कॅन्डलच्या पुढे दिसणारा ढगाचा भाग आजपर्यंतच्याच भावांतून काढून पुढे नेऊन ठेवलेला असतो. १५ मिनिटांच्या चार्टवर दिवसाला २५ कॅन्डल होतात, म्हणजे तो ढग साधारण उद्याच्या याच वेळेपर्यंत पसरलेला दिसतो, पण उद्याबद्दल त्याला काहीही ठाऊक नसते. बोलिंजर पट्ट्यांबाबत एवढेच म्हणेन की २० दिवसांच्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना २ प्रमाण विचलने (भाव सरासरीपासून किती पसरतात याचे माप) घेतली म्हणून भाव ९५ टक्के वेळा त्या रंगात राहीलच, असे नाही. भावांची वाटणी पाठ्यपुस्तकातल्या घंटाकृती वक्राप्रमाणे होत नाही.

आता छपाईविषयी. आपले अर्थविषयक पान अनेकदा काळ्या-पांढऱ्यात येते, आणि त्या दिवशी हिरवा व लाल हे दोन्ही एकाच करड्या रंगाचे होतात. मागच्या महिन्यातला एक चार्ट मी भिंगाखाली धरून पाहिला आणि रंग कुठे पालटला ते मला शोधता आले नाही. रंगीत पानावरही अडचण संपत नाही. लाल आणि हिरवा यांतला फरक ओळखता न येणे हा दोष बहुतेकदा जन्मजात असतो, त्याचा संबंध एक्स गुणसूत्राशी असल्याने तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो, आणि त्याची तपासणी करणाऱ्या इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या चकत्या १९१७ पासून वापरात आहेत. आमच्या कारखान्यात असा एक उत्तम फिटर होता. त्याला वायरींचे रंग दुसऱ्याकडून विचारून घ्यावे लागत. त्याच्यासारख्या वाचकाला आपला चार्ट एका रंगाचा दिसतो. शिवाय हिरवा म्हणजे तेजी हा संकेतही सर्वत्र नाही, जपान आणि चीनमध्ये चढत्या भावाला लाल रंग देतात. निळा आणि नारिंगी अशी जोडी घेतली तर बहुतेकांना फरक कळतो. काळ्या-पांढऱ्या पानासाठी तर आमची जुनी रीत पुरेशी आहे : चढत्या पट्ट्यात उजवीकडे झुकलेल्या रेघा, उतरत्या पट्ट्यात डावीकडे झुकलेल्या. रंग वापरलाच तर तो इतका फिका असावा की खालच्या कॅन्डल दिसत राहतील. पाइन स्क्रिप्टमध्ये पारदर्शकता ० ते १०० अशी मोजतात आणि माझ्या अनुभवात ८० ते ९० च्या दरम्यान चार्ट चांगला वाचता येतो.

हा सगळा चित्रकलेचा विषय आहे, त्यावर वर्तमानपत्राची एवढी जागा कशाला, असे कुणी म्हणेल. सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन या वायद्याच्या करारांमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. तो तोटा रंगवलेल्या पट्ट्यांमुळे झाला, असे मी म्हणत नाही. त्याची कारणे पुष्कळ आहेत. पण राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत आज शेकडो तरुण मोबाइलच्या स्क्रीनवर असेच पट्टे पाहून निर्णय घेत आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी सोमवारी आपलाच अंक येतो. छापून आलेल्या गोष्टीवर आमच्या पिढीचा जेवढा विश्वास आहे, तेवढा या मुलांचाही आहे, हे मी घरात पाहतो. क्लास चालवणाऱ्यांवर माझा अधिकार नाही. आपल्याला मात्र पन्नास वर्षांपासूनचा वाचक म्हणून मी हक्काने सांगू शकतो.

माझी विनंती अशी आहे. असा चार्ट छापताना त्याच्याखाली एका ओळीत दोन्ही रेषांची नावे, त्यांचे दिवस, सरासरीचा प्रकार आणि रंग पालटण्याची अट द्यावी. शेवटच्या कॅन्डलची तारीख द्यावी आणि ती बंद झालेली होती की चालू, हे सांगावे. दोन रेषांमधले अंतर शेवटच्या दिवशी किती टक्के होते, तो आकडाही द्यावा. स्तंभलेखकांनी वर्षातून एकदा तरी, जिथे हिरवा रंग येऊन भाव पडला असा चार्ट तितक्याच ठळकपणे छापावा. तसे चार्ट शोधायला कष्ट पडत नाहीत, भाव महिनाभर एकाच पट्ट्यात रेंगाळलेला कुठलाही शेअर घेतला तरी रंग चार-पाच वेळा उलटसुलट झालेला सापडतो. आणि शहरातल्या क्लासच्या संचालकांना आपल्या स्तंभातून एवढे सुचवावे की विद्यार्थ्यांना तयार टेम्प्लेट देण्याआधी एकदा तरी ३० दिवसांचे बंद भाव आलेखाच्या कागदावर उतरवून घ्यायला लावावेत, दोन सरासऱ्या हाताने काढायला लावाव्यात आणि मधली जागा पेन्सिलने भरायला लावावी. माझ्या पुतण्याने हे दोन रविवारी बसून केले. एकविसाव्या दिवसापर्यंत दुसरी साधी सरासरी सुरूच होऊ शकत नाही, त्यामुळे आधीचे २० दिवस भरायला जागाच नसते, हे त्याला स्वतःला कळले तेव्हा त्याने पेन्सिल खाली ठेवून मला विचारले की मग त्याच्या मोबाइलवर नव्याने लिस्ट झालेल्या शेअरला पाचव्या दिवसापासूनच रंग कुठून येतो. एक्स्पोनेन्शियल सरासरीची सुरुवात कशी करायची हे प्रोग्रॅमवर अवलंबून असते, काही प्रोग्रॅम पहिलाच भाव सरासरी म्हणून धरतात आणि तिथून पुढे जातात, एवढे उत्तर मी दिले. त्याच्या टेम्प्लेटमध्ये नेमके काय केले आहे, ते कुठेच लिहिलेले नव्हते.

सोबत एका आलेखाच्या कागदावर मी हाताने काढलेला नमुना जोडला आहे. त्यात रंग नाही, दोन दिशांचे हॅचिंग आहे, छेदबिंदू मोजून घेतलेले आहेत, आणि शेवटचा, अजून बंद न झालेला दिवस मोकळा सोडला आहे. सूत्र आणि स्केल उजव्या कोपऱ्यात लिहिले आहे. नमुना छापायचा झाल्यास तो कोपरा कापला जाऊ नये, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन,
राजारामपुरी, कोल्हापूर